धूर कुठल्या रंगाचा आहे?

गेल्या अंकात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालण्यावर लिहिलं आणि दोनच दिवसांत इंदूरच्या मामेभावाचा फोन आला. मला वाटलं, बॅटरीबद्दलच काहीतरी विचारेल. तर म्हणतो, "दादा, माझ्या बाइकचं इंजिन उतरवावं लागेल म्हणतोय गॅरेजवाला. साडेसात हजार सांगतोय. मी घरीच केलं तर? चार-पाच व्हिडिओ बघितलेत मी. तू तर मेकॅनिकलचा बीई आहेस. सांग ना, जमेल का?"

मेकॅनिकलचा बीई असणं आणि इंजिन येणं यांचा संबंध किती, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार! आयसी इंजिन्सच्या पेपरात मला चांगले मार्क होते. फोर-स्ट्रोकची आकृती आजही डोळे मिटून काढेन. पण चार वर्षांत चालू गाडीचं इंजिन एकदाही उघडलं नाही. शेवटच्या वर्षी सॉफ्टवेअर कंपनीनं कॉलेजमध्ये येऊन उचललं आणि तेव्हापासून पाना हातात धरायची वेळच आली नाही. ती आली तीन वर्षांपूर्वी. तेव्हा मी एक इंजिन उघडलं, बंदही केलं. त्याची गोष्ट भावाला फोनवर सांगत बसलो असतो तर तासभर गेला असता, म्हणून म्हटलं सदरातच लिहावी. तुमच्यापैकीही कुणी सध्या व्हिडिओ बघत असेल.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. २००४ सालची स्प्लेंडर. आप्पा बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये टर्नर होते. उद्यमबाग म्हणजे आमच्याकडची फाउंड्र्या आणि लेथची वसाहत. अनगोळच्या घरापासून तिथवर रोज जाऊन येऊन गाडीनं त्यांची नोकरी संपवली आणि निवृत्तीनंतर दूध, भाजी, आईला फिजिओथेरपीला नेणं ही कामं घेतली. तेल बदलणं, टॅपेट सेट करणं, कार्बोरेटर साफ करणं हे सगळं आप्पा स्वतः करत. मी शेजारी बसून पाने द्यायचो. दहाचा मागितला की बाराचा द्यायचो.

वर्क फ्रॉम होममुळे मी घरी राहायला आलो, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. गाडी धूर टाकत होती. आणि आप्पांचा उजवा हात थरथरत होता. धुराबद्दल आम्ही बोललो. हाताबद्दल बोललो नाही.

कोपऱ्यावरच्या मेस्त्रींना दाखवली. त्यांनी रेस देऊन सायलेन्सरमागे हात धरला, हाताचा वास घेतला आणि म्हणाले, "रिंगा गेल्यात. इंजिन खाली घ्यावं लागतंय. सहा-साडेसहा हजार धरा." दर वाजवी होता, माणूस जुना होता. पण मी म्हटलं, आपण करू. आप्पा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "खोलायला कुणीबी खोलतंय. बसवणार कोण?"

इथे थोडं थांबून धुराबद्दल सांगतो, कारण भावाच्या प्रश्नाची निम्मी चावी तिथेच आहे. सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी जातेय. एअर फिल्टर चोंदलाय, चोक अडकलाय, कार्बोरेटरचं काहीतरी आहे. त्यासाठी इंजिन उघडायचं काहीच कारण नाही. थंडीत सकाळी पांढरी वाफ येते आणि दोन-चार मिनिटांत थांबते, ती नुसती वाफ. निळसर धूर मात्र इंजिन ऑइल जळल्याचा. त्यातही तो कधी येतो ते बघायचं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना भसकन येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर, कारण रात्रभर तिथून तेल थेंब थेंब उतरलेलं असतं. पळवताना, चढावर, लोड असताना येत राहिला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर आणि ब्लॉकवर. पहिलं काम हेडपुरतं असतं. दुसऱ्यात ब्लॉक, पिस्टन, पाठोपाठ बोअरिंग असं सगळं येतं. दोन्हीला गॅरेजच्या भाषेत नाव एकच, 'इंजिनकाम'. म्हणून नुसतं इंजिनकाम आहे म्हणून सांगितलं तर आपल्याला काहीच कळलेलं नसतं.

आप्पांच्या गाडीचा धूर निळा होता आणि गोगट्याच्या पुलाच्या चढावर सर्वात जास्त. हजार किलोमीटरला दोनशे मिलीलिटर तरी तेल घालावं लागत होतं. ज्या इंजिनात सगळं मिळून लिटरच्या आत तेल मावतं, त्याला हे फार झालं. तरी मी आधी साध्या गोष्टी केल्या. इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेज घालून टॅपेट बघितले. या इंजिनाला दोन्ही व्हॉल्व्हना ०.०५ मिलिमीटर फट लागते. ती पार बुजली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि रिंगा बिचाऱ्या उगीच बदनाम होतात. आमच्या गाडीत फट बरोबर होती. आप्पांचंच काम ते.

मग कॉम्प्रेशन गेज मागवला. प्लगच्या जागी तो बसवायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायचा आणि काटा थांबेपर्यंत किक मारायच्या. ९० आलं. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत बघितलं, तर ११५. तेल घातल्यावर आकडा चढला म्हणजे हवा रिंगांच्या बाजूनं निसटतेय, कारण तेलानं ती फट तात्पुरती भरली. चढला नाही तर व्हॉल्व्हकडे बघायचं. यात एक गोम आहे, जी कुठल्याच व्हिडिओत मला सापडली नव्हती. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. त्यामुळे घातलेलं तेल खालच्या बाजूला साचतं, रिंगेभोवती सगळीकडे जात नाही. म्हणजे आकडा चढला तर विश्वास ठेवावा. नाही चढला म्हणून रिंगा चांगल्या आहेत असं मात्र समजू नये. स्वस्तातल्या गेजचा नुसता आकडाही फसवा असतो. दोन आकड्यांतला फरक बघायचा.

एकूण मेस्त्री बरोबर होते. हात लावून, वास घेऊन त्यांनी जे दोन मिनिटांत सांगितलं, ते कळायला मला एक रविवार आणि सातशे रुपयांचा गेज लागला. पण आता मला स्वतःला माहीत होतं, आणि पुढचं सगळं त्यावर उभं होतं.

मी चार दिवस धरले होते. शनिवार-रविवार आणि जोडून दोन दिवसांची रजा. आप्पांना म्हटलं, तोवर माझी स्कूटर घ्या. म्हणाले, "बिनगिअरची गाडी मला जमत नाही." विषय संपला.

इंजिन फ्रेममधून उतरवून अंगणात जुन्या पाटावर घेतलं. हा भाग मजेचा असतो. प्रत्येक बोल्ट निघतो तसं आपल्याला सगळं येतंय असं वाटायला लागतं. मी फोटो काढले, पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचला, कुठल्या नटाखाली कुठला वॉशर होता ते लिहिलं. फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवून ठेवली, टायमिंग चेन तारेनं बांधली. पिस्टनची पिन काढायच्या आधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. पिनेला जे बारीक लॉक असतात ते पक्कडीतून निसटून नेमके आत उडी मारतात, आणि तो लॉक आत गेला की वरचं काम खालचं होतं. माझाही एक उडाला. फडक्यावर पडला.

आमच्या कामात चूक झाली की मागच्या आवृत्तीवर जाता येतं. इथे ती सोय नाही, हे त्या फडक्याकडे बघताना पहिल्यांदा अंगावर आलं.

ब्लॉकच्या आत उभे ओरखडे होते, बोटानं जाणवणारे. तरी नुसत्या नव्या रिंगा टाकून भागेल की बोअर करावं लागेल, हे डोळ्यांनी ठरत नाही. ते मोजावं लागतं. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटरचा आणि बोलणं चाललेलं असतं शंभराव्या भागाचं. माणसाच्या केसाची जाडी साधारण सहा-सात शतांश मिलिमीटर असते, त्याहून बारीक.

आप्पा आत गेले आणि लाकडी पेटी घेऊन आले. त्यात त्यांचे दोन मायक्रोमीटर आणि टेलिस्कोपिक गेज होते. तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलेले. ही पेटी घरात आहे हे मला माहीत होतं, उघडलेली कधी बघितली नव्हती. त्यांनी मायक्रोमीटर उचलला, ब्लॉककडे हात नेला आणि तो ब्लॉकच्या कडेवर टकटकायला लागला. थरथर दिसू नये म्हणून त्यांनी डाव्या हातानं मनगट धरलं. तरी थांबेना. मग मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. "तू धर. मी सांगतो."

पुढचे दोन तास मी आयुष्यात पहिल्यांदा मोजायला शिकलो. कॉलेजच्या लॅबमध्ये मायक्रोमीटर वापरला होता, जर्नलमध्ये रीडिंगही लिहिली होती. आमच्यातल्या निम्म्यांनी ती मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवली होती, हे आता सांगायला हरकत नाही. इथे मी तीन वेळा मोजलं आणि तीन वेगळे आकडे आले. आप्पा म्हणाले, "तू आवळायलास. आवळायचं नाही. रॅचेट फिरव, आवाज आला की हात काढ." गेज बोअरमध्ये तिरका घालून हळूच सरळ करायचा, तो आपोआप बसतो. जोर लावला की माप खोटं. दहा-पंधरा प्रयत्नांनंतर एकच आकडा लागोपाठ तीनदा आला. ते मान न वळवता म्हणाले, "आता लिही." वरच्या बाजूला ५०.०९, खाली ५०.०३. वर जास्त झिजलाय, म्हणजे भोक निमुळतं झालंय. नव्या गोल रिंगा त्यात टाकून काही उपयोग नव्हता. बोअर करणं भाग होतं.

बोअरिंग घरी होत नाही, हे वेगळं सांगायला नको. उद्यमबागेत आप्पांच्या ओळखीच्या शॉपमध्ये ब्लॉक घेऊन गेलो. तिथले काका ब्लॉक हातात न घेताच म्हणाले, "पिस्टन कुठाय? आधी पिस्टन आण, मग बोअर." बरोबरच आहे. पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मोठे मिळतात, पण प्रत्येकाचं खरं माप एखाद-दुसऱ्या शतांशानं वेगळं. पिस्टन मोजून त्याला लागेल तेवढी फट ठेवून बोअर करायचा आणि मग हॉन करायचा. मी उलट्या क्रमानं निघालो होतो. पिस्टन आणण्यात एक दिवस, नंबर लागण्यात एक. माझे चार दिवस तिथेच संपले.

आणि मग मी चूक केली. सगळं बसवून झालं होतं. हेडवरच्या एका झाकणाचा शेवटचा बोल्ट, सहा मिलिमीटरचा. अशा बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे मनगटाचा जोर. टॉर्क रेंच महाग म्हणून मी घेतला नव्हता. लांब दांड्याच्या पान्यानं 'अजून थोडं' म्हणून पिळला आणि हाताला तो घट्टपणा एकदम मऊ लागला. ज्यांनी हा मऊपणा अनुभवलाय त्यांना पोटात काय होतं ते माहीत आहे. अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले. तिथेच भोक पाडून नवे आटे घालावेत तर कीस इंजिनात पडणार. म्हणजे हेड परत काढा, पॅकिंग परत नवं आणा, हेड शॉपमध्ये नेऊन आट्यांची स्प्रिंग बसवून घ्या. आणखी चार दिवस.

नवव्या दिवशी सकाळी मी हेड घेऊन उद्यमबागेत होतो, स्कूटरवर. मशीनच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. येळ्ळूरचे आप्पांचे जुने सहकारी गेले होते, पंचवीस वर्षं शेजारच्या मशीनवर उभे राहिलेले. निरोप आला तेव्हा घरात ना त्यांची गाडी होती, ना माझी. रिक्षा मिळवून ते पोहोचले तोवर मंडळी स्मशानातून परतत होती. घरी आल्यावर मला बोलले काहीच नाहीत. हेडचे आटे बघितले, बोट फिरवलं, "बरं बसवलंय" म्हणाले.

अकराव्या दिवशी गाडी सुरू झाली. तिसऱ्या किकला. धूर नाही. पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवली. आज तीन वर्षं झाली, तेल वर घालावं लागत नाही.

आता भावासाठी. पैसे वाचवायला हे करणार असशील तर करू नकोस. सुटे भाग, बोअरिंग, पॅकिंग दोनदा, गेज, पाने, आट्यांचं काम धरून माझा खर्च मेस्त्रींच्या आकड्याच्या पुढे गेला, आणि त्यात रजेचे दिवस धरलेले नाहीत. पुढच्या वेळी हत्यारं असतील म्हणून स्वस्त पडेल, असं मीही मनाला सांगतो. ती पुढची वेळ अजून आलेली नाही.

शिकण्यासाठी करणार असशील तर अवश्य कर, पण जी गाडी उद्या सकाळी कुणाला तरी लागणार आहे तिच्यावर नको. घरात दुसरी गाडी आहे, असं म्हणून चालत नाही. ज्याची गाडी उघडतोस त्याला ती दुसरी चालवता येते का, ते आधी विचार. तुला वाटतील त्या दिवसांची तिप्पट धर. आणि तेवढे दिवस गाडी नसेल हे त्या माणसाला आधीच स्पष्ट सांग. मी चार सांगितले होते.

कुठवर उघडायचं तेही आधीच ठरव. तेल, प्लग, एअर फिल्टर, टॅपेट हे तर प्रत्येकानं शिकावं असं माझं मत आहे. त्याला लायसन्सइतकंच महत्त्व द्यायला हवं. हेड आणि ब्लॉक धीर आणि जागा असेल तर घरी होतं, मोजणं आणि मशीनचं काम बाहेर. पण ब्लॉक काढल्यावर कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढून बघ. बाजूला थोडा हलला तर ठीक. वर-खाली खडखडला तर तिथेच थांब. क्रँकचं काम म्हणजे क्रँककेस दुभंगायची, फ्लायव्हील ओढायला पुलर, रॉडची पिन काढाघालायला प्रेस, आणि मग क्रँक सरळ फिरतोय का ते डायलवर बघणं. ते घरच्या पाटावर होत नाही. पाटी भरून इंजिन मेस्त्रींकडे न्यायला लाजायचं कारण नाही. फक्त त्यांनाही ते आवडत नाही हे लक्षात ठेव. दुसऱ्यानं उघडलेलं इंजिन घ्यायला चांगला मेस्त्री कां-कूं करतो, आणि त्याचं बरोबर असतं.

गाडी वॉरंटीत असेल तर हा सगळा लेख विसर.

मेस्त्रींकडे देणार असशील तरी काम तुझंही आहेच. बोअरचं माप घेताना समोर उभा राहा, जुने पिस्टन-रिंगा परत माग. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही, उलट तो दोन गोष्टी जास्त सांगतो.

हे सगळं लिहिण्याआधी मी भावाला फोनवर एकच विचारलं होतं, धूर कुठल्या रंगाचा आहे? म्हणाला, "धूर म्हणजे... धूरच." म्हटलं, उद्या सकाळी गाडी सुरू करताना मागे उभा राहा, दुपारी चढावर मित्राला मागून यायला सांग, आणि मग फोन कर.

काल त्याचा मेसेज आला. निळसर आहे. फक्त सकाळी, मिनिटभर. दिवसा मित्राला काहीच दिसलं नाही. त्याला लिहिलं, डिपस्टिकवरची पातळी गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे बघून लिहून ठेव, पाचशे किलोमीटर चालव, परत बघ. तोवर गॅरेजवाल्याला म्हणावं, थांबा.

आप्पांना हे सांगितलं. ते अंगणात गाडी पुसत होते. म्हणाले, "त्याच्याकडं फीलर गेज हाय काय? नसंल तर आपला जुना दे पाठवून."